फळ्यावर न लागलेली नावं
(आपल्या शाळेच्या १९८६च्या दहावीच्या तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वांत आधी गणिताच्या सरांची माफी मागते. दहावीत तुम्ही मला म्हणाला होतात, "तू भाषण कर, गणित करू नकोस." आज मी भाषणाला उभी आहे आणि भाषणात गणितच करणार आहे. पण सर, हे गणित पुस्तकातलं नाही, आपल्याच वर्गाचं आहे. चुकलं तर इथंच कान धरा.

या मेळाव्यासाठी आपली नाव-पत्त्यांची पुस्तिका काढायचं ठरलं तेव्हा समितीनं माझ्याकडे फोन करायचं काम दिलं. "तुला कॉलेजात आकडे भरायची सवय आहे, तूच कर," असं म्हणाले. ते खरं आहे. गेली तीस वर्षं मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, आणि त्यातली बरीच वर्षं सरकारला पाठवायच्या माहितीचे तक्ते भरण्यात गेली. किती मुलं, किती मुली, अनुसूचित जाती किती, जमाती किती, इतर मागास किती, दिव्यांग किती. त्यामुळे तुम्हाला फोन करताना मी पत्ता आणि जन्मतारखेबरोबर एक जादा प्रश्न विचारला, "दहावीनंतर काय केलंस? कुठंवर शिकलास? आणि थांबलास, तर का थांबलास?" काही जण चिडले. एकजण म्हणाला, "काय गं, एवढ्या वर्षांनी कशाला इचारतीयास? नोकरी देणार हायस का?" पण सगळ्यांनी सांगितलं. तेच आज तुमच्यापुढे मांडते. नावं मात्र कुणाची घेणार नाही.

दहावीला आपल्या दोन तुकड्यांच्या पटावर ८४ नावं होती. त्यातले सहाजण आज या जगात नाहीत. सुरुवातीला आपण दोन मिनिटं उभे राहिलो, ते त्यांच्यासाठी. सातजणांचा पत्ता लागला नाही. उरलेल्या ७१ जणांशी मी बोलले. ४८ मुलगे आणि २३ मुली. आता आपण सगळे पंचावन्नच्या पुढचे, पण हिशोबापुरतं मुलगे-मुलीच म्हणते.

या ७१ पैकी अकरावीला गेले ४४. पदवीच्या पहिल्या वर्षाला नाव घातलं ३० जणांनी. आणि ठरलेल्या वेळेत, म्हणजे कुठं तीन वर्षांत, कुठं चार वर्षांत, पदवी हातात पडली ती १७ जणांच्या.

आता एक गंमत बघा. आपल्या काळात निकाल लागला की कॉलेजच्या फळ्यावर काय लिहायचे? 'टी.वाय.चा निकाल ८० टक्के', 'नव्वद टक्के'. आजही तसंच लिहितात. त्याच्याखाली पहिल्या तिघांचे फोटो. तो आकडा खोटा नसतो. पण तो शेवटच्या वर्षी परीक्षेला जे बसले, त्यांच्यातला असतो. जी मुलं पहिल्या वर्षी दिवाळीनंतर आलीच नाहीत, जी दुसऱ्या वर्षी एटीकेटीत अडकून घरी बसली, जिचं मे महिन्यात लग्न लावून दिलं, ती या आकड्यात नापाससुद्धा नसतात. ती आकड्यात नसतातच.

आपल्या ३० जणांचा हिशोब दाराशी उभं राहून केला, तर आत गेले ३० आणि वेळेत बाहेर आले १७. शंभरात ५७. मुलींचं बघितलं तर २३ पैकी ७ जणी पदवीच्या वर्गात पोचल्या आणि ४ वेळेत पदवीधर झाल्या. एवढ्या वर्षांत एकाही फळ्यावर आपण हा आकडा पाहिला नाही.

अमेरिकेत १९९० साली याबद्दल कायदा झाला. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या कॉलेजांनी हा दाराशी उभं राहून मोजलेला आकडा जाहीर केला पाहिजे. अमुक वर्षी किती मुलं आली आणि त्यातली किती पदवी घेऊन गेली. चार वर्षांच्या पदवीला ते सहा वर्षांपर्यंत वाट बघतात. आणि एवढं करून त्यांच्याकडेही हे प्रमाण फार मोठं नाही. २०१४ साली चार वर्षांच्या पदवीला दाखल झालेल्यांपैकी सहा वर्षांत, त्याच कॉलेजातून, पदवीधर झाले ते शंभरात ६४. म्हणजे अमेरिकेतसुद्धा तीनातलं एक मूल वाटेत थांबतं किंवा दुसरीकडे जातं. आपल्याकडे केंद्र सरकारची एन.आय.आर.एफ. ही क्रमवारी २०१६पासून निघते. तिच्या तक्त्यात हा प्रश्न आहे. पहिल्या वर्षाला किती आले आणि ठरलेल्या वेळेत किती पदवीधर झाले. मी पहिल्यांदा तो रकाना भरायला बसले, तेव्हा आमच्या कार्यालयातले क्लार्क म्हणाले, "मॅडम, हे असं काढायची आपली पद्धत नाही." जुने कॅटलॉग काढून आम्ही दोघांनी दोन दिवस नावाला नाव लावलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता आपल्या वर्गाकडे परत येते. तीसातले सतरा गेले, उरले तेरा. हे तेरा का थांबले? आपल्या मास्तर लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं, "अभ्यास झेपला नाही." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणायचे. पण फोनवर मला 'अभ्यास झेपला नाही' असं सांगणारे फक्त दोघं भेटले. दोघांचंही इंग्रजी राहिलं होतं. चौघं पैशासाठी थांबले. दोघींचं लग्न झालं. चौघांवर घर येऊन पडलं, कुणाचे वडील गेले, कुणाच्या वडिलांची गिरणी १९८२च्या संपात बंद पडली ती पडलीच. आणि एकजण सैन्यात भरती झाला, त्याला मी गळती म्हणणार नाही.

घर येऊन पडलेल्या चौघांपैकी तिघं गलाईला गेले. आपल्या खानापूर-आटपाडीच्या बाहेर कुणाला हा शब्द सांगितला तर समजत नाही. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आपल्याकडे दुष्काळ, शेतात ज्वारी आली तर आली. त्यामुळे आपली पोरं केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत गलाईच्या दुकानांत गेली. कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी चुलता तिथं असायचाच. अकरावी-बारावीतली कितीतरी पोरं तशी गेली, त्यांना तर मी या तेरांत धरलेलंही नाही. आज या सभागृहात सगळ्यांत मोठी देणगी दिली ती त्यांनीच. तेव्हा कुणी असं समजू नये की पदवी नाही म्हणजे माणूस कमी. तसं म्हणायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. पण त्यांच्यातलाच एकजण फोनवर मला म्हणाला ते सांगते. "पैसा लई मिळाला. पण पोरीच्या स्थळाच्या बायोडेटात वडिलांचं शिक्षण लिहायची येळ आली तवा हात थांबला. मी एस.वाय.पर्यंत हुतो. ते कुठं लिहायचं?"

दोन वर्षं कॉलेज केलेल्या माणसाला लिहायला जागा नाही. हा प्रश्न आता नव्या शैक्षणिक धोरणात थोडा सुटलाय. २०२०च्या धोरणात एक वर्ष झालं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, आणि मिळवलेले श्रेयांक जमा ठेवायची सोय आहे, म्हणजे पुढं कधीतरी येऊन उरलेलं पुरं करता येईल. आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून हे सुरू झालं. चांगलं आहे. मला भीती एकच वाटते. बाहेर जायचं दार रुंद केलं आणि आत यायचं अरुंदच ठेवलं, तर आपण गळतीलाच प्रमाणपत्र देऊन मोकळे होऊ. एक वर्ष करून गेलेल्या मुलाला कुणीतरी फोन करून विचारलं पाहिजे, "परत कधी येतोयस?"

आता त्या पैशासाठी थांबलेल्या चौघांबद्दल. त्यातल्या एकीबद्दल सांगायला मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांग, पण नाव नको, आणि रडू नकोस."

ती माझ्या बाकावरची. दहावीपर्यंत बाक एक, आणि पुढं शहरात कॉलेजला गेल्यावर आमची खोलीही एक. फी आम्हा दोघींनाही नव्हती, ई.बी.सी.ची सवलत होती. म्हणजे सरकारनं कॉलेजचा दरवाजा फुकट केला होता. पण दरवाजापर्यंत पोचायला आणि आत टिकून राहायला लागतं ते सगळं विकत होतं. खोलीभाडं, रॉकेल, वह्या, परीक्षेचा फॉर्म. जेवण तेवढं घरून यायचं. सकाळच्या एसटीनं तिच्या गावाहून डबा यायचा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी हुलग्याची उसळ. कंडक्टर स्टँडवर डबा उतरवायचे, आम्ही जाऊन आणायचो. डब्यात तिची आई तीन भाकरी जादा घालायची, त्या माझ्या.

एस.वाय.ला असताना, १९८९च्या पावसाळ्यात, तिची आई आजारी पडली आणि डबा यायचा बंद झाला. ती खानावळीत जायला लागली. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली आणि परत आली नाही. तिची ट्रंक न्यायला तिचा भाऊ आला तेव्हा मला कळलं की खानावळीचं दोन महिन्यांचं बिल थकलं होतं. ३४० रुपये. खानावळवाल्या मावशींनी तिला चारचौघांत विचारलं होतं. तिनं तोंड दाखवायचं टाळलं, ते कायमचंच.

माझ्या ट्रंकेत त्या वेळी शिष्यवृत्तीचे ४०० रुपये होते. मला मनगटी घड्याळ घ्यायचं होतं. डबा यायचा बंद झाला हे मी रोज बघत होते. तिचं जेवण कमी झालं हेही बघत होते. मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात मी एच.एम.टी.चं घड्याळ घेतलं.

मी तिला हे चार महिन्यांपूर्वी, पुस्तिकेच्या फोनवर सांगितलं. ती हसली. म्हणाली, "अगं, तू दिले असतेस तरी मी घेतले नसते." असेलही. पण विचारायला तर हवं होतं.

असं वाटेल की माणूस एकदा असं शिकला की पुढं चुकत नाही. मी परत चुकले. सोळा-सतरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण सकाळच्या तासाला गैरहजर. हजेरी चाळीस टक्क्यांच्या आत. नियम पंचाहत्तरचा. मी त्याचा परीक्षेचा फॉर्म अडवला. मला वाटलं, शिस्त लागेल, पालकांना घेऊन येईल. तो आलाच नाही. दोन वर्षांनी एसटी स्टँडवर चहाच्या गाड्यावर भेटला. तेव्हा कळलं, तो रात्रपाळीला कारखान्यात जायचा आणि सकाळी सातला सुटायचा. माझा तास साडेसातचा. मला म्हणाला, "मॅडम, तुमी बराबरच केलं. नियम हाय." चहाचे पैसेही त्यानं घेतले नाहीत. त्याच्यावर शिस्त बजावण्याआधी मी त्याला एक साधा प्रश्न विचारला नव्हता, की बाबा रे, तू सकाळी कुठं असतोस?

माझ्या बाकावरची डबा बंद झाल्यावर गेली. हा मुलगा सकाळचे तास बुडायला लागल्यावर गेला. कुणीही एका दिवसात कॉलेज सोडत नाही. आधी काहीतरी बंद पडतं आणि ते दिसत असतं. बघणाऱ्यानं विचारायचं असतं.

त्यानंतर आम्ही सहा प्राध्यापकांनी एक काम सुरू केलं. ओळीनं तीन तास जो आला नाही, त्याला सोमवारी फोन. रागवायला नाही, विचारायला. आणि आम्ही सहाजण दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये एका खात्यात टाकू लागलो. महिन्याचे १२००, वर्षाचे १४,४००. एवढ्याशा पैशानं काय होणार, असं आम्हालाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी अकरा मुलांना दिले. कुणाला एसटीचा पास, कुणाला परीक्षेची फी, एका मुलीला चष्मा. हो, चष्मा. तिला फळा दिसत नव्हता म्हणून ती मागं बसून कंटाळून यायची थांबली होती. अकरापैकी नऊजण परीक्षेला बसले. दोघं पैसे घेऊन गेले ते परत दिसले नाहीत. ते दोघं आहेत म्हणून आम्ही बंद केलं नाही.

नंतर मी वाचलं की हेच काम फार मोठ्या प्रमाणावर अटलांटामधल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीनं केलंय. तिथं गरीब घरची, कृष्णवर्णीय, घरातलं पहिलंच शिकणारं अशी मुलं मोठ्या संख्येनं येतात. २००३च्या सुमारास त्यांच्याकडे सहा वर्षांत पदवी घेणारे शंभरात ३२ होते. त्यांनी शोधलं तेव्हा दिसलं की अभ्यासात ठीक असलेली कितीतरी मुलं थोडक्या थकबाकीपायी नावावरून उतरतात. त्यांनी २०११पासून अशा मुलांना, त्यांनी अर्ज करायची वाट न बघता, छोटी मदत द्यायला सुरुवात केली. कुठलं मूल कुठं अडखळतंय हे संगणकावर बघून सल्लागार त्याला वेळेवर बोलावू लागले. पदवीचं प्रमाण पन्नाशीच्या पुढं गेलं. आणि मुलं बदलून नाही, श्रीमंत मुलं घेऊन नाही. मुलं तीच. त्यांच्याकडे बघायची पद्धत बदलली.

आपल्याला हे अमेरिकेनं शिकवायची तशी गरज नव्हती. आपल्या शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हेच सांगितलं होतं. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवायची, एकत्र जेवायला घालायची, कामाला लावायची आणि शिकवायची. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली ती याच विचारावर. मूल शाळेत आणणं हे अर्धं काम आणि त्याच्या पोटाची सोय बघून ते टिकवणं हे उरलेलं अर्धं, हे त्यांना कळलेलं होतं.

आज परिस्थिती बदलली आहे आणि चांगली बदलली आहे, हेही सांगितलं पाहिजे. २०२१-२२च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशात उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आहेत आणि त्यात २ कोटी ७ लाख मुली. १८ ते २३ वयाच्या शंभर तरुणांमागे उच्च शिक्षणात २८.४ नावं. अनुसूचित जातींत हे प्रमाण २०१४-१५ला १८.९ होतं, ते २५.९ झालं. जमातींत १३.५ होतं, ते २१.२ झालं. आपल्या काळी २३ मुलींतल्या ७ पदवीच्या वर्गात पोचल्या. आज माझ्या वर्गात मुली मुलग्यांपेक्षा जास्त आहेत. २०२४पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचीही फी माफ केली. २०३५पर्यंत शंभरात पन्नास मुलं उच्च शिक्षणात आणायची, असं धोरणाचं लक्ष्य आहे.

पण हे सगळे आकडे आत आलेल्यांचे आहेत. दारातून कोण आत येतंय ते बदललं, हा मोठा विजय आहे. ज्यांच्या घरात पूर्वी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं ती मुलं आली. पण त्यांच्याच घरी अडचणीला हाताशी पैसा नसतो, आणि कॉलेजमध्ये कुणाला काय विचारायचं हे सांगणारं कुणी नसतं. शिष्यवृत्ती मंजूर असते, ती वर्ष संपताना हातात येते, आणि खानावळीचं बिल तर दर महिन्याला येतं.

आता त्या तेरांचं पुढं काय झालं ते सांगते, कारण गोष्ट तिथं संपली नाही. त्यातल्या पाचजणांनी नंतर पदवी घेतली. दोघांनी शिवाजी विद्यापीठातून बहिःस्थ परीक्षा दिली. तिघांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. ते विद्यापीठ १९८९ साली निघालं, ज्या वर्षी माझी मैत्रीण ट्रंक सोडून गेली त्याच वर्षी. या पाचांत दोन मुली आहेत. माझ्या बाकावरची ती त्यातली एक. दोन लेकरं झाल्यावर, चौतिसाव्या वर्षी, रात्री कंदिलापाशी, म्हणजे लोडशेडिंगच्या कंदिलापाशी, अभ्यास करून बी.ए. झाली. आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. मान खाली घातली आहे, म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. ७१ पैकी २२ पदवीधर. सतरा वेळेवर, पाच उशिरा. त्या पाचांची नावं कुठल्याच फळ्यावर लागली नाहीत, म्हणून आज निदान त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू या.

आता शेवटचं. आपण सगळ्यांनी मिळून शाळेला कमान बांधून द्यायचं ठरवलं आहे. व्हावी. देणाऱ्यांनी मनापासून दिलं आहे आणि शाळेचं नाव लांबून दिसलं पाहिजे, हे मलाही वाटतं. दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवायचंही चाललं आहे. तेही करा. पण पहिला आलेला बहुतेक वेळा पुढं जातोच. मी मागते आहे ती मधल्या बाकावरच्यांसाठी.

७१ जणांनी महिन्याला १०० रुपये दिले, तर महिन्याचे ७,१०० होतात. वर्षाचे ८५,२००. सर, बरोबर आहे ना? एवढ्यात आपल्या शाळेतून दहावी झालेल्या आणि आज कुठंतरी एफ.वाय., एस.वाय., आय.टी.आय., नर्सिंगला असलेल्या मुलांची अडीअडचण भागेल. माझ्या अनुभवावरून तीनच नियम सुचवते. पहिला, मार्क विचारायचे नाहीत. दुसरा, दोघांनी मिळून दोन दिवसांत निर्णय घ्यायचा, कारण परीक्षेच्या फॉर्मची तारीख समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही. तिसरा, हे कर्ज नाही आणि उपकारही नाही, तेव्हा फोटो काढायचा नाही.

आणि पैशाइतकंच दुसरं काम. या वर्षीच्या दहावीचा पट मुख्याध्यापकांकडून मी मागून घेतला आहे, त्यांनी आनंदानं दिला. आपल्यातल्या प्रत्येकानं त्यातलं एक मूल घ्यायचं. दोन महिन्यांतून एकदा फोन करायचा. गलाईवाल्यांनी केरळातून केला तरी चालेल, ज्याला दोन मुली सासरी पाठवून आता रिकामपण आलंय तिनंही करावा. काय विचारायचं? "कॉलेजला जातोयस का? जेवतोस कुठं? सकाळी कुठं असतोस?" एवढं पुरे. पाच वर्षांनी पुन्हा भेटू तेव्हा मी इथंच उभी राहून सांगेन, पटावर किती होते, आत किती गेले, वेळेत किती बाहेर आले, उशिरा किती आले, आणि कोण का थांबलं. आकडा चांगला आला तरी सांगेन, वाईट आला तरी सांगेन. सर, तपासायला तुम्ही असायला हवं.

यादी दारापाशी टेबलावर ठेवली आहे, पेनही ठेवलं आहे. जेवायला जाताना एकेका नावापुढं आपलं नाव लिहून जा.

माझी दहा मिनिटं केव्हाच संपली आहेत, सूत्रसंचालक दोनदा चिठ्ठी देऊन गेले.